पाच अटी

जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात मला सर्वांत सुखी वाटलेले पान हार्डी-वाइनबर्ग नियमाचे. एका इंग्रज गणितज्ञाने व एका जर्मन डॉक्टरने 1908 साली तो स्वतंत्रपणे मांडला. पाच अटी पाळल्या, तर पिढ्यान्‌पिढ्या जनुकांचे प्रमाण बदलत नाही, असे तो सांगतो. संख्या अपरिमित हवी, जोडीदारात आवडनिवड नको, उत्परिवर्तन नको, कोणी बाहेरून येऊ नये, आतून जाऊ नये, आणि निसर्गाने कुणाला डावेउजवे करू नये. थोडक्यात, काहीच घडू नये! असा संसार कुणाच्या वाट्याला येतो?

सुट्टीत घरी आलो की हे पुस्तक घेऊन मी बोदलकसा तलावाच्या पाळीवर बसत असे. 1917 च्या सुमारास मातीचे धरण घालून हा तलाव झाला. अशा तलावांच्या पाण्यावर आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्या पिकतात, आणि पाणी साचलेल्या बांधीतच सारसाची जोडी घरटे करते. अंडी बहुधा दोनच. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे, तोही पन्नासाच्या आत.

अपरिमित आणि पन्नास! पहिली अट तिथेच मोडली. विजेच्या तारेला लागून एक सारस मेला, तर तो दुबळा होता म्हणून नव्हे. केवळ तार आडवी आली म्हणून. पण त्याच्याबरोबर एखादे जनुक कायमचे जाऊ शकते. हजारोंच्या थव्यात तेच जनुक आणखी कुणाजवळ तरी सापडले असते. संख्या घटली ती पाणथळ जागा आटल्या, औषधांची फवारणी वाढली म्हणून. म्हणजे परिसराचे प्रकरण आनुवंशिकीच्या प्रकरणात शिरते, आणि उत्क्रांतीचे प्रकरण दोघांचा हिशेब मांडते.

सारस घरट्यासाठी उभे धान उपटतो. नुकसान शेतकऱ्याचे. गावातल्या एका आजोबांना मी विचारले, "हाकलत का नाही?" ते म्हणाले, "दोन पेंढ्या धान गेलं तं गेलं. जोडी गेली तं कुठून आणू?"

पाच अटींत न बसणारी ही सहावी गोष्ट. परीक्षेत तिन्ही प्रकरणांवर वेगवेगळे प्रश्न आले. आजोबांच्या उत्तराला जागा कुठेच नव्हती.