चाचांची हत्यारं

औंधच्या आयटीआयने मला मशीन चालवायला शिकवलं. हात वळला तो मात्र नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या एका बोळातल्या गॅरेजात. तिथल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणत. आमची चेतक त्यांच्याकडेच जायची, आणि कॉलेजच्या वयात मीही तिच्याबरोबर जाऊन तिथेच रेंगाळायचो.

बरेच दिवस उभ्या राहिलेल्या स्कूटरचं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकटा उरतो. दमटपणामुळे कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित बॉडीवर पांढरी पूड धरते आणि पितळी जेट आट्यांत जाम होऊन बसतं. त्यावर बाजारातला जाड पात्याचा स्क्रूड्रायव्हर दाबून फिरवला की मऊ पितळाची खाच झिजते, आणि मग कशालाच पकड मिळत नाही.

चाचा स्क्रूड्रायव्हर थेट जेटला लावत नसत. आधी पातं ग्राइंडरवर घासून खाचेत तळापर्यंत, भिंतींना भिडून बसेल असं करायचे. तापून पातं निळं पडू नये म्हणून घडीघडी पाण्यात बुडवायचे. पेट्रोल पुरतं काढलेली बॉडी मग उकळत्या पाण्यात. पितळापेक्षा जस्त जास्त फुगतं, म्हणून बॉडी गरम असतानाच जेट हलवायचं. बत्ती मात्र अजिबात नाही. जस्त ४२० अंशांच्या आसपासच वितळतं, आणि पेट्रोलचा वास राहिलेला असला तर वेगळीच भानगड.

खाच गेलेलीच असली तर जुन्या कानशीपासून घासलेलं, निमुळतं चौकोनी टोक जेटच्या भोकात हलकेच ठोकायचं. जोरात ठोकलं तर पितळ फाकून आणखी घट्ट बसतं. तेही नाही जमलं तर जुन्या बाजारातून आणलेलं उलट्या पिळाचं ड्रिल. ते पितळात रुतलं की बऱ्याचदा जेटच त्याच्याबरोबर फिरत बाहेर येतं.

मी अधीर झालो की ते म्हणायचे, "घाई तुला आहे, जेटला नाही."

पुढे चाकणच्या टूलरूममध्ये लागलो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं आणि नव्या दुचाक्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन बसलं; कार्ब्युरेटर मुख्यतः जुन्या गाड्यांपुरता उरला. पण डायमध्ये अडकलेली पिन काढताना आजही मी आधी धातू कोणता ते बघतो, कोण किती फुगेल ते ठरवतो आणि त्या पिनेपुरतं हत्यार बनवतो. माझा पगार या सवयीवर चालतो. चाचांनी तिची फी कधी घेतली नाही. उलट चहा तेच पाजायचे.

हाताखाली नवं पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला मी एक स्क्रूड्रायव्हर आणि एक पितळी स्क्रू देतो आणि पातं खाचेला बसेपर्यंत घासायला लावतो. साहेब विक्षिप्त आहेत, असं पोरं आपसांत म्हणतात. म्हणू देत.