फडापर्यंत पोचलेली शाळा

दिवाळी झाली की आमच्या गावची शाळा निम्मी होते. पणत्या विझत नाहीत तोच मुकादमाचे ट्रॅक्टर गावात येऊन उभे राहतात. पत्र्याची पेटी, पिठाचं पोतं, शेळी, कोंबड्यांची डालगी आणि त्या सगळ्यावर चढून बसलेली लेकरं. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या पट्ट्यात हे कुणाला नवं नाही. पावसावरची जमीन, घेतलेली उचल, आणि ती फेडायला पाच-सहा महिन्यांची ऊसतोड. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागं लेकरं. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं आम्ही ‘स्थलांतरित’ लिहितो. लिहायला सोपं आहे. उन्हाळ्यात परत आलेलं लेकरू जोडाक्षराशी अडखळतं, ते बघणं अवघड.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं. जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते दाखवलं की तिकडच्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं. पण कार्ड पेटीच्या तळाला, आई-बाप पहाटे चारला फडात, आणि थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन कोपीच्या दारात. कार्ड दाखवायला जाणार कोण?

आमची शाळा दोन शिक्षकी. नवं काही शिकायचं तर तालुक्याला प्रशिक्षण निघायची वाट बघायची. 2020 साली टाळेबंदीत शाळांना कुलपं लागली आणि शिकवणं फोनवर आलं. आमचं प्रशिक्षणही तिथंच आलं. रात्री जेवणं उरकली की दीक्षा ॲपवर ‘निष्ठा’चे भाग बघायचे, प्रश्न सोडवायचे. प्रमाणपत्रांची फाईल जाड झाली. त्याच वर्षी 3 डिसेंबरला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं. पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामाची जगानं दखल घेतली. जिल्हा परिषदेच्या मास्तराला दहा लाख डॉलर, म्हणून पारावर चर्चा झाली. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली होती. शिक्षकानं शिक्षकाला धरून राहायचं असतं, एवढं मी त्यातून घेतलं.

पुढं एका हंगामात चौथीतली एक पोरगी निघाली. वाचनात वर्गात पहिली. वसतिगृहात ठेवा म्हणालो तर तिची आई म्हणाली, “गुर्जी, मंग धाकट्याला कोण सांभाळील?” याला उत्तर नव्हतं. बापाकडं मोठा फोन होता. त्याला सांगितलं, सांजच्याला पाच मिनिटं पोरीच्या हातात दे.

व्हिडिओ उघडायला रेंज लागते. आवाज मात्र कसाही जातो. म्हणून रोज एक उतारा, एक उदाहरण बोलून पाठवायचो. ती वाचून परत पाठवायची. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज, भावाचं रडणं, मधूनच आईची हाक. मग एक दिवस आवाज यायचा थांबला. आठ दिवस झाले. फोन लागेना. कोल्हापूर जिल्ह्यात, एवढंच नक्की ठाऊक. बापानं सांगितलेला पत्ता म्हणजे कारखान्याचं नाव आणि “रोडच्या कडंला हाय”.

शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप गटात लिहिलं, त्या भागात कुणी आहे का. रात्री एका बाईंचा फोन आला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या स्कूटीवरून कोप्या शोधत गेल्या. रिचार्ज संपला होता, बाकी सगळे ठीक होते. त्या तळावर आमच्या तालुक्यातली अकरा लेकरं होती. बाईंनी पेटीतून कार्ड काढायला लावलं आणि पोरीला आपल्या वर्गात बसवलं. धाकट्याची सोय शाळेशेजारच्या अंगणवाडीत केली. माझ्याकडून होत नव्हतं ते काम शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीनं केलं.

नंतर दर शनिवारी दोन्ही वर्ग व्हिडिओ कॉलवर भेटू लागले. आमची पोरं ‘काय करायलास’ म्हणणार, तिकडची ‘काय कराय लागलाईस’. आधी एकमेकांना हसली, मग एकमेकांसारखं बोलून बघू लागली. एका शनिवारी त्या पोरीनं काट्याची पावती फोनसमोर धरली. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजा केलं की ऊस. हातच्याची वजाबाकी मी फळ्यावर किती वेळा शिकवली असेल. त्या दिवशी ती दोन गावांच्या पोरांना एकदम कळली. बाईंनी माझ्याकडून उतारे बोलून पाठवायची पद्धत घेतली. दोन इयत्ता एका खोलीत कशा सांभाळायच्या, ते मी त्यांच्याकडून घेतलं. त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही.

हंगाम संपून गावी आल्यावर बाप शाळेत आला. म्हणाला, “गुर्जी, आता पावती पोरगीच वाचती. मुकादमबी जरा सांभाळून बोलतोय.”

अकरापैकी चारच शाळेत बसली, हेही सांगायला पाहिजे. तीन तिकडून दुसऱ्या फडावर गेली. चौघांच्या घरी साधा डबा फोन. फोनमुळं बाई सापडल्या; कोपीपर्यंतची वाट मात्र त्यांनाच जावी लागली. ज्या तळावर असं कुणी जाणारं नाही, तिथं माझा आवाज नुसता फोनमध्येच पडून राहतो.

म्हणून आता आम्ही दिवाळीच्या आधीच यादी करतो. कुठलं लेकरू, कुठल्या कारखान्यावर, वाचन कुठवर, गणित कुठवर, धाकटं भावंड आहे का. ती यादी गटावर टाकायची आणि त्या त्या गावचा शिक्षक शोधायचा. यंदा यादीत सतरा नावं आहेत. नवांच्या पुढं तिकडच्या शिक्षकाचा नंबर लिहून झालाय. उरलेल्या आठांसाठी रोज रात्री फोन चालू आहेत; ट्रॅक्टर यायला अजून बारा दिवस आहेत.