वई

कोकणात भातकापणी उरकली की गुरं मोकळी सुटत. त्याआधी परसाची वई घालून व्हायची. मोगली एरंडाचे दांडे रोवले जात, ते तिथंच जगत. मधल्या जागेत निवडुंग, सागरगोटा, कुठं मेंदी. वरून करवंदीचे काटे ओढले जात. आत-बाहेर करायला बेडं असे. आता जांभ्या चिऱ्याची भिंत असते, नाहीतर सिमेंटचे खांब आणि तारेची जाळी. वई दर वर्षी दुरुस्त करावी लागे. ती करणारे हात मुंबईला गेले.

मोगली एरंडाचा देठ अर्धवट मोडून वाकवला की मोडीत चिकाचा पातळ पडदा धरतो. त्यावर हलकी फुंकर घातली की फुगे सुटतात, साबणाच्या फुग्यांपेक्षा लहान. चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही, म्हणून पोरं मार खात. पुढं याच झाडाच्या बियांपासून डिझेल काढायचं ठरलं. 2003 नंतर पडीक जमिनीवर त्याच्या लागवडीच्या योजना निघाल्या. अपेक्षेएवढं बी मिळालं नाही. योजना थांबल्या.

सागरगोट्याच्या शेंगेला बाहेरून काटे, आत करड्या गुळगुळीत बिया. मुली त्या वर उडवून झेलत. लहान मुलाचं पोट दुखलं की तीच बी उगाळून देत. नंतर बियांच्या जागी खडे आले. खेळाचं नाव सागरगोटेच राहिलं, खेळणाऱ्या कमी झाल्या.

देशावर बांधाला शेर असे. पानं नावापुरती, सगळ्या हिरव्या कांड्याच. चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. गुरं त्याला तोंड लावत नसत. शेराच्या बुडाशी तित्तर, लावा, ससा, मुंगूस यांची वस्ती. वाटण्या होत गेल्या तसे बांध कोरले गेले. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी होती. शेर उपटला गेला. रानडुकरांसाठी आता झटका मशीन आहे.

फड्या निवडुंग अमेरिकेतून आला आणि बेसुमार पसरला. 1920च्या दशकात त्याच्यावर जगणारा किडा बाहेरून आणून सोडला. दक्षिण भारतात त्यानं निवडुंगाची रानंच्या रानं संपवली. जिथं निवडुंग उरला तिथं त्याची लाल बोंडं पोरं खात. आधी ती मातीत घोळवून कुसळं काढावी लागत. तरी एखादं कुसळ जिभेत राहीच. जीभ दिवसभर लाल.

घायपाताला मराठवाड्यात केकताड म्हणतात. रुळाच्या कडेनं, शेताच्या कडेनं त्याच्या रांगा असत. पानं कापून पाण्यात कुजवायची, आपटून धुवायची, वाख काढायचा. त्याचे कासरे, वेसणी, म्होरक्या. पोळ्याआधी दोर वळणाऱ्याच्या घरी सगळं गाव येऊन जाई, आणि मोबदला धान्यात मिळे. नायलॉनचा दोर आला. तो भिजला तरी कुजत नाही. त्यानंतर बैलही कमी झाले.

तरवडाच्या सालीनं कातडं कमावत. साल ठेचून पाण्यात टाकायची, त्यात कातडं दिवसचे दिवस मुरायचं. क्रोमचे क्षार तेच काम लवकर करतात. तरवड माळावर पिवळा फुलायचा. माळावर आता सौर पट्ट्या, प्लॉट, ढाबे. नेवासे तालुक्यात तरवडी नावाचं गाव आहे. तिथून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र चालवत. बोरगाव आणि बोरी तर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. तोरणा गडाचं नाव तोरणाच्या झुडपांवरून पडलं असं सांगतात. पांढरी, पिठूळ तोरणं वैशाखात येत. बाजारात ती क्वचित दिसतात.

निरगुडीच्या फोकांची कणगी विणत, शेणामातीनं लिंपत. पत्र्याची कोठी आली, मग रेशनची गोणी.

मुरुडशेंग बाळगुटीत उगाळायची. आता गुटी तयार मिळते.

कारवीचे सोट उभे लावून घराचा कूड करत, दोन्ही अंगांनी लिंपत. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. तिची वाळलेली फळं तडकल्याचे आवाज पुढच्या वर्षी डोंगरात ऐकू येत. फुलण्याच्या वर्षी आता गाड्यांची रांग लागते. कूड मात्र दुर्गम वाड्यांत उरले, तेही पत्रे मिळेपर्यंत.

करवंद तोडून आतला रंग आधी ओळखायचा. लाल निघाला तर कोंबडा, पांढरा निघाला तर कोंबडी. ठाण्यापलीकडच्या स्टेशनांवर बायका पानांच्या द्रोणात करवंदं विकत. डोंगरउतारावरच्या जाळ्या आता जेसीबीनं एका दिवसात साफ होतात. प्लॉटच्या जाहिरातीत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असं लिहिलेलं असतं.

संक्रांतीनंतर बाळाचं बोरन्हाण असे. डोक्यावरून चन्यामन्या बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे सांडत. मुलं ती वेचत. आता बोरांत चॉकलेट मिसळतात, काही घरी नुसती चॉकलेटंच. बोरं दुकानात घ्यावी लागतात, ती मोठी असतात, डोक्याला लागतात म्हणून.

पूर्व विदर्भाच्या महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे सहा जिल्हे. जमीन सुमारे 86 हजार हेक्टर. नोंद मध्य प्रांताच्या काळातली, 1956 नंतर ती इकडं आली. काही जमिनींवर झुडूप होतं, काहींवर फक्त गवत. पुढं तिथं घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी कचेऱ्या झाल्या, स्मशानं झाली. ही जमीन वन मानावी की नाही, हा वाद कित्येक वर्षं चालला. मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वनच असल्याचं सांगितलं. जिथं झुडूप उरलं नाही तिथलीही नोंद ‘झुडपी’च आहे.

घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आणली. तिला टणटणीही म्हणतात. करवंदी, धायटी, तोरण यांच्या जागा तिनं घेतल्या. वेडी बाभूळही त्याच शतकात आली. तिच्या शेंगा गुरं-शेळ्या खातात आणि तिचं बी लांब नेऊन टाकतात. ही दोन्ही झुडपं दर वर्षी वाढतात. त्यांची मोजदाद करावी लागत नाही.

रुई ढिगाऱ्यावर, उकिरड्यावर, बंद पडलेल्या बांधकामात येते. ती कुणी लावत नाही. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर तिच्या पानांच्या माळा विकायला असतात. पायात काटा मोडला की तिचा चीक लावत, काटा आपोआप वर येतो असं म्हणत. आता पायात चप्पल असते.