बारा फोटोंची यादी

माझे मरहूम अब्बा एसटीत कंडक्टर होते. त्यांची बरीच नोकरी महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत गेली. माघ वद्य नवमीला उमरठला नरवीर तानाजी मालुसरे यांची पुण्यतिथी असते. त्या दिवसांत अब्बांची ड्युटी हमखास तिकडच्या गाडीवर लागायची. १९८४ साली मी पाच वर्षांची होते, तेव्हा ते मलाही सोबत घेऊन गेले.

अब्बांकडे आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० नंबरचा रोल घालायचा, त्यात बारा फोटो निघायचे. तेरावा नाही. त्या दिवशी उमरठच्या थांब्यावर ड्रायव्हरचाचांनी आम्हा बापलेकीचा एक फोटो काढला. खाकी गणवेशातले अब्बा आणि शेजारी त्यांची टोपी घातलेली मी. एरवी कॅमेरा अब्बांच्याच हातात असायचा, त्यामुळे ते स्वतः कुठल्याच फोटोत नसत. ते माझ्यासोबत असलेला तेवढा एकच फोटो घरात होता.

आमच्या घरी फोटो भिंतीवर लावत नाहीत. अम्मी त्याच खोलीत नमाज पढते. म्हणून सगळे फोटो अल्बममध्ये, अल्बम लोखंडी ट्रंकेत आणि ट्रंक पलंगाखाली. निगेटिव्हही त्याच ट्रंकेत. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये पूर आला, तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो. जिवानिशी वाचलो, अल्हम्दुलिल्लाह. त्याच दिवशी तळियेत डोंगर कोसळून माणसं गेली, त्यापुढे आमचं नुकसान ते काय! पण तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली आणि अम्मी खालीच बसली.

तेव्हा मी एक चूक केली, ती सांगते. चिखलाने माखलेला अल्बम मी तसाच उन्हात ठेवला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की चिकट होतो आणि वाळला की शेजारच्या फोटोला घट्ट धरून बसतो. ओले फोटो स्वच्छ, थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करायचे असतात आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवायचे असतात. मी वाळलेले ओढून काढले. उमरठच्या फोटोतला अब्बांचा चेहरा पुढच्या पानाला चिकटून गेला.

काही महिन्यांनी अम्मी म्हणाली, "फोटो गेला तो गेला. ती जागा तरी एकदा दाखव मला." तिचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, तिथे उमरठ कुठलं? मी म्हटलं, "त्यात काय, रविवारी जाऊन फोटो काढून आणते."

मे २०२२ च्या एका रविवारी मी फोन घेऊन निघाले. पोहोचेपर्यंत भर दुपार झाली. ऊन डोक्यावर, डोंगर धुरकट पांढरे, माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या. समाधीजवळ फोटो काढले, रस्त्याचे काढले, एसटी थांब्याचे काढले. साठेक फोटो झाल्यावर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. शाळेच्या ग्रुपवरचे शुभेच्छांचे व्हिडिओ पुसत मी रस्त्यात उभी राहिले. घरी येऊन अम्मीला एकेक फोटो दाखवला. तिने सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाली, "हे कुठलंही गाव असेल गं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

ही गोष्ट मी कुवेतच्या भाईजानना फोनवर सांगितली. भाईजानना कॅमेऱ्याचा शौक आहे. त्यांचं निदान तयारच होतं: "फोनने कुठे असे फोटो येतात?" रात्री त्यांची यादी आली. नवा मिररलेस कॅमेरा, तीन लेन्स, ट्रायपॉड, ड्रोन. बेरीज दीड लाखाच्या पुढे गेली. एक मोठी लेन्सच दीड किलोची. मी ती यादी बाजूला ठेवली, आणि मला माझं बी.एड. आठवलं.

बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण काढायला शिकवतात. त्यात पहिला रकाना उद्दिष्टांचा असतो, शैक्षणिक साधनं नंतर येतात. नकाशा न्यायचा की तक्ता, हे पाठ कशाचा आहे ते ठरल्यावरच ठरतं. आपल्याकडे तर कुठल्याही कामाआधी नियत बांधतात. मी मात्र नियत न बांधताच निघाले होते. अम्मीला कोणती जागा बघायची आहे, हे मी तिला विचारलंही नव्हतं.

मग एका संध्याकाळी वही घेऊन तिच्याजवळ बसले. म्हटलं, "अम्मी, तो फोटो मला सांग." सदतीस वर्षं ती तो फोटो पाहत आली होती. ती डोळे मिटून सांगू लागली. मागे आंब्याचं झाड, बुंध्यापासून कमरेएवढ्या उंचीवर बेचकं फुटलेलं. अब्बांच्या खांद्यामागे डोंगराची कड आणि तिच्यात एक खाच. सावल्या लांब. "तुझ्या अब्बांची सावली तुझ्या पायांपर्यंत यायची. ते सांगायचे ना, आसर पढून आलो आणि ड्रायव्हरने फोटो काढला."

मी वहीत लिहून घेतलं. मे महिन्यात मी काढलेल्या साठ फोटोंत आंबा नव्हता, डोंगराची खाच नव्हती आणि लांब सावलीही नव्हती.

त्या रात्री मी बारा फोटोंची यादी केली. अब्बांच्या रोलमध्ये बारा होते म्हणून बाराच. पोलादपूरचा एसटी स्टँड. चालत्या गाडीच्या खिडकीतून खोरं. तानाजींची समाधी. शेलारमामांची समाधी. पुतळा आणि मागे डोंगर. गावातलं एक घर, आतून. एका वृद्ध माणसाचा चेहरा. आणि शेवटी आंबा. माझी मुलं उर्दू माध्यमाची आहेत. बालभारतीच्या चौथीच्या पुस्तकात त्यांनी ४ फेब्रुवारी १६७० ची कोंढाण्याची लढाई वाचलेली असते. मढे घाटाचं नाव कसं पडलं तेही मी त्यांना सांगते. तानाजींचं पार्थिव याच घाटाने उमरठला आणलं, असं परंपरेने सांगतात. म्हणून दोन फोटो वर्गासाठी धरले.

यादी झाल्यावर सामान आपोआप ठरत गेलं. खोरं आणि घराचा आतला भाग यांना रुंद दिसणारी लेन्स हवी, म्हणजे १८ मिलिमीटरच्या आसपासची. पुतळा आणि डोंगर एकत्र घ्यायचे तर मागे सरकून ५५ वर काढायचं. मग डोंगर मागे पळत नाहीत, जवळ येतात. चेहऱ्यासाठी आणि अंधाऱ्या घरासाठी जास्त उजेड आत घेणारी लेन्स हवी. चालत्या गाडीतून काढायचं तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं तरी वेगवान हवं, नाहीतर झाडं पुसली जातात. दुरून पक्षी टिपायचा नव्हता, म्हणून दीड किलोची लेन्स बाद. वरून बघायचं नव्हतं आणि नोंदणी-परवानगीची भानगडही नको होती, म्हणून ड्रोन बाद. रात्र नव्हती, म्हणून ट्रायपॉड बाद. टेकायला भिंत असतेच.

उरलं ते घरातच होतं. २०१५ साली भाईजाननी पाठवलेला डीएसएलआर आणि त्याची १८-५५ ची लेन्स आमच्या वरच्या कपाटात पडून होती, म्हणून पुरातून वाचली. चामडी पेटीतून काढून उजेडात धरली, तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. बुरशी. कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाट आणि ओल धरणारं चामडं, दुसरं काय होणार? दुरुस्तीवाल्याने साफ करून दिली. आता कॅमेरा हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात असतो आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ओल शोषून रंग बदलला की पुड्या बदलते. काही जण तांदूळ ठेवतात. तांदळाची पूड लेन्सच्या फटीत जाते, ते करू नये.

५० मिलिमीटरची एक जुनी लेन्स तेवढी विकत घेतली. दोन बॅटऱ्या. चौसष्ट जीबीच्या एका कार्डाऐवजी बत्तीसची दोन, कारण एक हरवलं तर निम्मं तरी हाती राहतं. पॉवर बँक, मऊ सुती कापड, एक मोठी प्लास्टिकची पिशवी. सगळं खांद्यावर घालून मी अंगणात अर्धा तास फेऱ्या मारल्या. खांदा कुरकुरला नाही.

वेळ ठरवायला मला कुठलं अॅप लागलं नाही. आमच्या भिंतीवर मशिदीने छापलेला नमाजच्या वेळांचा तक्ता असतो. त्यातल्या वेळा सूर्यावरूनच काढलेल्या असतात. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमची आसर सुरू होते ती दुपारची मूळ सावली वजा करून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की. म्हणजे ऊन तिरपं होऊ लागतं, मऊ पिवळं होऊ लागतं, तीच ही वेळ. फेब्रुवारीच्या मध्याला आपल्याकडे आसर चारच्या सुमारास आणि मगरिब साडेसहाच्या पुढे. मधले अडीच तास. पण खोऱ्यात डोंगर असतात, सूर्य तक्त्याच्या आधीच कडेमागे जाऊ शकतो. म्हणून महत्त्वाचे फोटो पाचच्या आत उरकायचे असं ठरवलं.

१२ फेब्रुवारी २०२३, रविवार. पुण्यतिथी मंगळवारी होती, त्याआधी गर्दी नसताना जायचं होतं. सोबत बहिणीचा मुलगा. आदल्या रात्री बॅटऱ्या भरल्या, कार्डं रिकामी केली, एकेक फोटो काढून पाहिला.

उमरठला एका ओट्यावर एक आजोबा बसले होते. आधी सलाम-नमस्कार केला, कॅमेरा पिशवीतच ठेवला. अब्बांची गोष्ट सांगितली, आंब्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तवा गाडी इथवर येत नव्हती. थांबा खाली होता. चला, दावतो." मे महिन्यात मी सगळे फोटो नव्या थांब्यावर काढले होते.

आंबा होता. बेचकं होतं, पण आता कमरेएवढं नव्हे तर गुडघ्यापाशी; माती चढली होती. मी डोंगराची खाच अब्बांच्या खांद्याच्या जागी येईपर्यंत चार पावलं मागे, दोन डावीकडे सरकले. मग कळलं, मी ड्रायव्हरचाचांच्या जागेवर उभी आहे.

आसर तिथेच, आजोबांच्या ओट्यावर पढले. मग फोटो काढले. आजोबांचा चेहराही काढला, विचारून. घरातल्या बायका नको म्हणाल्या, तिथे कॅमेरा खाली केला. त्यांच्या चुलीचा तेवढा काढू दिला. यादीतले अकरा झाल्यावर भाचा म्हणाला, "खाला, आता तुम्ही उभ्या राहा. बारावा तुमचा."

महाडला आल्यावर बाराच्या बारा फोटो कागदावर काढून घेतले. अम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोबाईलच्या चकचकीत काचेवर तिला नीट दिसत नाही. खिडकीत बसून तिने एकेक पाहिला. आंब्याच्या फोटोवर थांबली. डोंगराच्या खाचेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग बारावा उचलला. बेचक्याशेजारी उभी असलेली मी, पंचेचाळिशीला आलेली.

"टोपी कुठाय?" अम्मीने विचारलं. आणि हसली. पुरानंतर या फोटोंच्या विषयावर ती पहिल्यांदा हसली.

आता या बारा फोटोंच्या तीन प्रती आहेत. एक लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी मुंब्र्याला बहिणीच्या घरी, कारण सावित्री तिथे पोहोचत नाही. अब्बांनी बारा फोटो जपून काढले, अम्मीने जपून ठेवले. चूक एवढीच झाली की सगळं एकाच ट्रंकेत ठेवलं.

बहिणींनो, प्रवासाला निघताना कॅमेरा कोणता हे नंतर विचारा. ज्याच्यासाठी फोटो आणायचा त्याच्याजवळ आधी बसा. आणि तुमच्या घरातही पलंगाखाली अशी ट्रंक असेल, तर या पावसाळ्याआधी ती उघडा. अल्बममधले फोटो प्लास्टिकच्या पाकिटातून काढा, खिडकीपाशी सावलीत सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, फोन फोटोच्या बरोबर वर आडवा धरा आणि एकेकाची नक्कल करून ती दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून द्या. एका दुपारचं काम आहे. जोहरनंतर बसलात, तर आसरपर्यंत होऊन जाईल, इन्शाअल्लाह.