कार्ड निर्दोष आहे

देवळाली प्रवरा

चि. भाचेबुवास,


कार्ड खराब नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते परत करायचा विचार तू डोक्यातून काढशील. दिवाळीत बसवून गेलास ते आरटीएक्स ३०६० उत्तम चालतंय, तापत नाही, आवाज करत नाही, आणि सांगितलं तेवढं काम मुकाट्यानं करतंय. त्याला काम सांगणाराच कमी पडतोय.

तुझी तक्रार मात्र खरी आहे. जुनं १०५० टीआय काढून एवढं मोठं कार्ड घातलं आणि जीटीए फाइव्हमध्ये शहरातून गाडी पळवताना फ्रेम जेमतेम वाढले, वर मधेच हिसके बसायला लागले, तर कुणालाही वाटणार की दुकानदारानं फसवलं. ताईनं भिशीचे पैसे तुझ्या हातात ठेवले होते, त्यामुळे मलाही ते मनाला लागलं. म्हणून तू गेल्यावर मशीन नीट तपासायला बसलो.

सगळ्यात आधी साध्या गोष्टी बघून घेतल्या. मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, कार्डालाच लावलेली आहे. जुन्या कार्डाला वेगळी वीज लागत नव्हती, ते स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागवायचं. याला १७० वॉट लागतात, आणि त्याची आठ पिनांची वायर पक्की बसलेली आहे. प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ काढली. खेळ चालू असताना तापमान सत्तरीच्या आसपास राहतं, म्हणजे गरम होऊन वेग कमी होतोय असंही नाही. व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद केली, कारण ती चालू असली की कार्ड मुद्दाम थांबतं आणि निदान चुकतं.

मग आफ्टरबर्नर लावून खेळाचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात आणले. जीटीएमध्ये स्वतःची बेंचमार्क चाचणी आहे, ती दर वेळी जवळपास तीच दृश्यं दाखवते, म्हणून तुलनेला चांगली. १०८० पी वर सरासरी ८४ फ्रेम. कार्डाचा वापर ६० टक्क्यांच्या आसपास. इथेच पहिला संशय येतो. फ्रेमला कुठलीही मर्यादा घातलेली नसताना कार्ड चाळीस टक्के रिकामं बसत असेल, तर ते कुणाची तरी वाट बघतंय.

खात्री करायला रेझोल्यूशन ७२० पी वर आणलं. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. कार्ड अडवत असतं तर फ्रेम भराभर वाढले असते. आले ८६. कार्डाचा वापर मात्र चाळिसाच्या खाली गेला. मग उलटी परीक्षा घेतली: परत १०८० पी, आणि कडा गुळगुळीत करणारं एमएसएए वाढवलं. कार्डावर बोजा पडला, वापर नव्वदीकडे सरकला, फ्रेम तेवढेच. चित्र सोपं करा नाहीतर अवघड, आकडा जागचा हलत नाही. ही एकच चाचणी आयुष्यभर लक्षात ठेव, बाकी कुणाच्या सल्ल्याची गरज पडणार नाही.

असं का होतं? प्रत्येक फ्रेमवर दोघं काम करतात. कुठली गाडी कुठे वळणार, कोण माणूस रस्ता ओलांडणार, कशाला काय धडकलं, कॅमेऱ्यातून काय दिसतंय हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि चितारायच्या वस्तूंची यादी कार्डाकडे पाठवतो. कार्ड ते चित्र काढतं. कार्ड एक चित्र काढत असताना प्रोसेसर पुढच्याची तयारी करतो, त्यामुळे शेवटी वेग ठरतो तो दोघांतल्या सावकाश असेल त्याचा. ८४ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १२ मिलिसेकंद. तेवढा वेळ प्रोसेसरला लागतोय, कार्ड सातेक मिलिसेकंदांत मोकळं होतं. आपल्या उजव्या कालव्याचंच बघ. भंडारदऱ्यातून आवर्तन कितीही जोरात सुटलं तरी आपल्या वावरात पाणी येतं ते चारीच्या मापानं. तू धरण मोठं केलंस, चारी जुनीच आहे.

आता तुझा फोनवरचा मुद्दा. तू म्हणालास, ‘मामा, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर तर ४१ टक्केच दिसतो, मग तो कसा अडवेल?’ इथे भलेभले चुकतात. तुझ्या रायझन ५ २६०० ला सहा कोर आणि बारा थ्रेड आहेत, आणि तो आकडा बाराही थ्रेडची सरासरी आहे. खेळाचा मुख्य धागा मात्र एकच असतो. त्यातली कामं एकामागून एकच करावी लागतात, आधीचं झाल्याशिवाय पुढचं करता येत नाही. तो धागा पूर्ण वेगानं राबत असतो आणि बाकीचे थ्रेड बराच वेळ बसून असतात. आलेखावर उजवं बटण दाबून सगळे लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे बघितले, तर एक नव्वदीच्या वर होता. तोही सतत तोच नाही. विंडोज हा धागा एका कोरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे कधी कधी एकही कोर शंभरला गेलेला दिसत नाही आणि तरी अडचण प्रोसेसरचीच असते. म्हणून प्रोसेसरच्या टक्क्यांवरून निकाल देऊ नये, कार्डाच्या टक्क्यांवरून द्यावा.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच हे मांडून ठेवलंय: कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. निम्मं काम वाटता येत नसेल तर हजार प्रोसेसर लावले तरी वेग दुपटीपलीकडे जात नाही. तू राहतोस त्याच पुण्यात सी-डॅकमध्ये विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. अनेक प्रोसेसर एकत्र जोडणं हा त्यातला अर्धा पराक्रम. गणितं त्यांच्यात वाटता येतील अशी नव्यानं लिहिणं हा उरलेला अर्धा. त्याबद्दल बोलणारे फार कमी भेटतात. तू गेम बनवायला शिकतोयस, तुला हा दुसरा अर्धा भाग रोज पुरणार आहे. ‘राजी’सारखा खेळ पुण्यातल्या छोट्या चमूनं २०२० मध्ये जगापुढे आणला. उद्या तू असं काही केलंस तर ते खेळणाऱ्या पुष्कळ पोरांच्या घरी असलंच मिसळीचं मशीन असेल. फ्रेमचा वेळ कुठे जातो हे त्यांच्यासाठी तुला ठाऊक असायला हवं.

अडचण प्रत्येक खेळात सारखी नसते हेही सांगतो. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग पूर्ण चालू केलं की हेच मशीन उलटं वागतं: कार्ड ९८ टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत.

पैसे खर्च न करता जे करता आलं ते केलं. मेमरीच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या दुकानात शेजारी शेजारी बसवल्या होत्या, त्यामुळे त्या एकाच चॅनलवर चालत होत्या. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत स्पष्ट चित्र आहे: प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच. तशा बसवल्या. शिवाय ३२०० च्या पट्ट्या २१३३ वर चालत होत्या, कारण बायोसमध्ये एक्सएमपी कुणी चालूच केलं नव्हतं. या पिढीच्या रायझनमध्ये कोरांच्या गटांना जोडणारा आतला मार्ग मेमरीच्याच वेगाशी बांधलेला असतो, म्हणून मेमरी सुधारली की प्रोसेसरही सुधारतो. त्याच चाचणीत ८४ चे ९७ झाले. फुकट. हिसके बरेच निवळले, संपले नाहीत.

राहिलेल्यांसाठी खेळातली लोकसंख्येची घनता आणि लांबच्या वस्तूंचं अंतर कमी कर, ते प्रोसेसरच्या माथी असतं. गवत, सावल्या, एमएसएए खुशाल वाढव, ते कार्ड सोसेल. तुझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, त्यावर ९७ दिसतच नाहीत. फ्रेम ७५ वर बांधून घेतलेस तर प्रोसेसरला श्वास मिळतो आणि खेळ जास्त एकसारखा चालतो. मी तसं ठेवून खेळून बघितलं, मला फरक स्पष्ट जाणवला.

एवढ्यावर प्रोसेसर बदलायची घाई नाही, पण बदलायचा झालाच तर तुझा बी४५० बोर्ड ठेवूनच बदलता येईल, आणि कार्डाच्या निम्म्याहून कमी पैशांत. रायझन ५ ५६०० ला कोर सहाच, पण प्रत्येक कोर बराच वेगवान, आणि ३२ एमबी कॅशे सहाही कोरांना एकत्र. २६०० मध्ये ती आठ-आठ एमबीच्या दोन गटांत विभागलेली आहे. जीटीएसारख्या खेळाला हेच हवं असतं. दोन गोष्टी मात्र माझ्यासमोर करायच्या. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचं, आणि तेही यूपीएसवर. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अपडेट अर्ध्यात तुटलं तर बोर्डच जातो. दुसरं, कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करायची आणि कूलर हलकेच पिळत सोडवायचा. सरळ ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

मी अडलोय तो एकाच ठिकाणी. तू नुसता खेळत असतास तर ५६०० घे म्हणालो असतो. पण तू अनरियलमध्ये प्रोजेक्ट बिल्ड करतोस, आणि ते काम कोरांमध्ये छान वाटलं जातं. तिथे आठ कोरांचा ५७००एक्स जास्तीचे पैसे वसूल करून देईल. तर असं कर. तुझं एखादं प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर मला पाठव, मी इथे २६०० वर बिल्डचा वेळ मोजतो. तुमच्या हॉस्टेलवर कुणाकडे यांपैकी एखादा प्रोसेसर असेल तर त्यावर तेच बिल्ड तू लाव आणि आकडा कळव. मग ताईशी पैशांचं मी बोलेन.

तुझा,
मामा