पाठमोरा प्रवास

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळातील क्वार्टरबॅकच्या उदयाची कथा हा तिकडे जवळजवळ एक वाङ्मयप्रकारच झाला आहे. लहान गावातील हायस्कूल, शुक्रवारी रात्री दिव्यांच्या झोतात होणारे सामने, विद्यापीठाच्या प्रशिक्षकांच्या येरझारा, शिष्यवृत्ती आणि मग हजारो प्रेक्षकांनी भरलेले महाविद्यालयीन मैदान. कथेचे टप्पे ठरलेले असतात, कारण शिडीच्या पायऱ्याच ठरलेल्या असतात. कथनाचा आकार अनेकदा लेखकाच्या आधी व्यवस्था ठरवते, असे मला वाटते. नायक मुळातच असा निवडलेला की चेंडू त्याच्या हातात, नजर समोर आणि बाकीचे दहाजण त्याच्या इशाऱ्याची वाट पाहणारे.

आपल्याकडे ही शिडी नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण शाळेतून महाविद्यालयात आणि तेथून वर नेणारा सलग जिना नाही. मग आपल्या क्रीडाकथांत त्या रिकाम्या जागी काय येते? बहुधा चमत्कार येतो.

दापोडीत राहणाऱ्या माणसाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. हॅरिस पूल ओलांडून पुण्याकडून येताना लोहमार्ग, एस.टी.ची कार्यशाळा आणि लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, म्हणजे सी.एम.ई.ची, लांबच लांब भिंत एवढीच दापोडी बहुतेकांना दिसते. त्या भिंतीआड लष्कराचे नौकानयन केंद्र आहे. तेथील जलमार्गावर राष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत, ऑलिंपिकला गेलेले नाविक घडले आहेत. भिंतीबाहेरच्या आम्हा लोकांना पाणी म्हणजे मुळा आणि पवना. आणि त्या नद्यांच्या आजच्या स्थितीविषयी न बोललेले बरे.

याच केंद्रात दत्तू भोकनळ घडला. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्याचे गाव. वडिलांच्या हाताखाली विहिरी खोदण्याचे काम त्याने केले. वडील गेल्यानंतर, २०१२ साली, तो लष्करात भरती झाला. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये उंची पाहून प्रशिक्षकांनी त्याला नौकानयनाकडे वळवले. त्याला पाण्याची भीती वाटत असे. २०१५ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले आणि २०१६ साली रिओला एकेरी नौकेत तो तेरावा आला. त्या ऑलिंपिकमधला तो एकमेव भारतीय नाविक होता.

त्या वर्षी मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला व्यक्तिचित्राचा स्वाध्याय दिला आणि बऱ्याच विद्यार्थ्यांनी दत्तूच निवडला. बहुतेकांचे पहिले वाक्य एकसारखे होते: दुष्काळी गावातला मुलगा पाण्यावर राज्य करतो. वृत्तपत्रांनी तेच छापले होते, त्यामुळे मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. विरोधाभास हा अलंकार मोहक असतोच. पण त्याने एक मोठी लबाडी साधते. दुष्काळ आणि पदक एकमेकांशेजारी ठेवले की मधली चार वर्षे दिसेनाशी होतात. पहाटेची हजेरी, मोजून दिलेला आहार, जेमतेम चौदा किलो वजनाची पण भारी किमतीची नौका, ती दुरुस्त करणारे हात, दोन हजार मीटरचे शांत पाणी, आणि मुख्य म्हणजे पोटाची चिंता मिटवणारा महिन्याचा पगार. हे सारे एका संस्थेने पुरवले. अमेरिकेत जे काम विद्यापीठ करते ते येथे पलटणीने केले. आपल्या महाविद्यालयांनी ते केलेले नाही, आणि मी स्वतः महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे हे मला टोचते.

त्या वर्गात दापोडीचाच एक मुलगा होता, राज्य पातळीवर खेळलेला कबड्डीपटू. त्याच्या लेखात मला वेगळे असे एकच वाक्य सापडले: नाविक पाठमोरा बसतो, त्याला अंतिम रेषा दिसत नाही, मागे टाकलेले पाणी तेवढे दिसते. मी विचारले, हे कुठे वाचलेस? तो म्हणाला, “यूट्यूबवर पाहिलं, सर. घर भिंतीला लागून आहे, पण आत कधी गेलो नाही.”

हे वाक्य माझ्या मनात राहिले ते २०१८ साली पुन्हा वर आले. त्या वर्षी पालेमबांगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत आजारी दत्तू शेवटचा आला. उदयाची कथा लिहिणाऱ्याची येथे पंचाईत होते. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या नौकेत तो पुन्हा बसला आणि स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. या प्रकारात सुकाणूधारी नसतो. चौघांची आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरावी लागतात. एकाने जास्त जोर दाखवला तर नौकेचा तोल जातो. क्वार्टरबॅकचा साचा येथे लावायचा कोणाला? मराठी मथळ्यांनी तो दत्तूलाच लावला, कारण बाकीचे तिघे आपले नव्हते. (आपले म्हणजे काय, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

कबड्डीपटू तोवर महाविद्यालय सोडून गेला होता. द्वितीय वर्षातच त्याने भोसरीत कंत्राटी काम धरले होते. हजेरी भरेना, सरावही सुटला. लष्करभरतीलाही तो गेला, पण उंची एक सेंटिमीटर कमी भरली. नंतर एकदा रेल्वे फाटकाजवळ भेटला तेव्हा मी त्या सुवर्णपदकाचा विषय काढला. त्याने शर्यत पाहिली होती. चौघांपैकी रेषेकडे मान वळवून पाहत होता तो कोण, हे त्याला जाणून घ्यायचे होते. मला ते सांगता आले नाही. आम्ही तेथेच उभे राहून त्याच्या मोबाइलवर ती शर्यत पुन्हा लावली आणि मान वळवणारा शोधू लागलो. पडदा लहान होता, उजेड फार होता, आणि त्याची पाळी सुरू व्हायला वीस मिनिटे उरली होती.