वैराचा वारसा

या वसतिगृहातील मुलांना इंग्रजी शिकविताना ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची कथा मी अनेकदा सांगितली आहे. ती प्रेमकथा म्हणून जगभर गाजली, परंतु आमच्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “सर, त्या दोन घरांचं भांडण कशावरून होतं?” शेक्सपिअरने ते सांगितलेलेच नाही. १५९७ साली प्रथम छापल्या गेलेल्या या नाटकात माँटेग्यू आणि कॅप्युलेट या व्हेरोनातील घराण्यांचे वैर जुने आहे, एवढेच कळते. भांडण उकरून काढतात तेही दोन्हींकडचे नोकर.

खरे तर बाप स्वतः थकलेले आहेत. आपल्या मेजवानीत रोमिओ शिरल्याचे कळूनही म्हातारा कॅप्युलेट त्याला हाकलत नाही. तो सभ्य मुलगा आहे, असे म्हणून चवताळलेल्या टिबॉल्टलाच दटावतो. हे शब्द पत्नीच्या भाच्याच्या कानी पडले, लेकीच्या कानी कधीच पडले नाहीत. चौदा वर्षेही पुरी न झालेली ज्युलिएट मग दाईला आणि धर्मगुरूला विश्वासात घेते. गुप्त विवाह, गुंगीचे औषध, रोगाच्या साथीमुळे अडकलेले पत्र हे सारे त्यानंतरचे. त्या पत्राला दैव म्हणण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. ज्या मुलीला स्वतःच्या घरात मनातले बोलता येत नाही, तिचे आयुष्य असे एखाद्या पत्रावरच टांगलेले राहणार.

आमच्याकडे एकदा दोन चुलतभाऊ होते. शेताच्या बांधावरून वडिलांचे बोलणे तुटलेले, खटला तालुक्याच्या कोर्टात. इथे मात्र ती मुले शेजारी बसून जेवत, एकाच पेटीत कपडे ठेवीत. दिवाळीच्या सुट्टीत न्यायला वडील आले, की फाटकाच्या दहा पावले अलीकडेच दोघे एकमेकांपासून दूर होत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी हे कुठे शिकावे? पुढल्या जूनमध्ये धाकटा परत आला नाही. दोघांची मैत्री वडिलांना कळली होती. थोरला कितीतरी दिवस पंगतीत शेजारची जागा अडवून बसे.

वाचकांना दीघावूची कथा ठाऊक आहेच. कोसंबीच्या भांडणाऱ्या भिक्खूंना तथागतांनी सांगितलेली, विनयपिटकाच्या महावग्गात आलेली. काशीच्या ब्रह्मदत्ताने कोसलचे राज्य घेतले आणि राजा दीघीतीला राणीसह वधस्थानाकडे नेले. गर्दीतल्या आपल्या मुलाला त्या बापाने सूड घे असे सांगितले नाही. सूडापासून परावृत्तच केले. पुढे झोपलेल्या ब्रह्मदत्ताचे मस्तक मांडीवर असताना दीघावूने तीनदा तलवार उपसली आणि तीनदा म्यान केली. अखेरीस ब्रह्मदत्ताने त्याचे राज्य परत केले, आपली कन्याही त्याला दिली.

व्हेरोनातले बाप हात मिळवितात ते थडग्यापाशी. तिथेही एकाने दुसऱ्याच्या लेकीचा सोन्याचा पुतळा कबूल करताच दुसरा त्याच तोलाचा मुलाचा पुतळा कबूल करतो. हे बोलणे ऐकायला रोमिओची आई उरलेली नव्हती. मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने ती त्याच रात्री गेली होती.